शेवटच्या पायरीवरचा वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण इंग्रजी अमदानीत ज्याने ती एकदा चढली, त्याला शेवटची पायरी गाठायची तर थेट सातासमुद्रापार जावे लागे. तालुक्याच्या मुन्सफापासून निघालेला दावा जिल्हा न्यायालय आणि हायकोर्ट ओलांडून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचेस्तोवर कित्येकदा मूळ वादी-प्रतिवादी हयातही नसत. मराठी घरांत हे नाव ठाऊक झाले ते मुख्यतः लोकमान्य टिळकांमुळे. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्ध टिळकांच्या वतीने याच ठिकाणी दाद मागण्यात आली. तेव्हा त्यांची बाजू मांडायला पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले अ‍ॅस्क्विथ उभे होते, तरीही अर्ज फेटाळला गेला. १९०८ च्या शिक्षेनंतर दादासाहेब खापर्डे त्याच कामासाठी विलायतेला गेले आणि त्यांनाही यश आले नाही. मात्र ताईमहाराज प्रकरणात, म्हणजे दत्तकविधानाच्या वादात, त्याच प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निर्णय फिरवून टिळकांच्या बाजूने कौल दिला.

माणूस तोच आणि न्यायासनही तेच. पण दत्तकाच्या वादात जो न्याय मिळाला तो राजद्रोहाच्या खटल्यात मिळाला नाही. हा योगायोग होता की त्या न्यायासनाचा स्वभावच तसा होता, याचा शोध घ्यायचा असेल तर एका इंग्रज वकिलाचे आयुष्य पाहावे लागते. डेनिस नोवेल प्रिट हे त्याचे नाव. भगतसिंगांचा अर्ज त्याने चालवला, भावलच्या संन्याशाचे अपील त्याने जिंकले, हो ची मिन्हला त्याने फ्रेंचांच्या हाती पडू दिले नाही आणि जोमो केन्याटांसाठी तो आफ्रिकेच्या एका आडगावात महिनोन् महिने लढला. साम्राज्याच्या शेवटच्या चाळीस वर्षांत वसाहतींमधल्या इतक्या गाजलेल्या माणसांची वकीलपत्रे घेतलेला दुसरा इंग्रज बॅरिस्टर सापडणे कठीण.

व्यापाऱ्याचा मुलगा

प्रिट यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी लंडनलगतच्या हार्लेस्डेन येथे झाला. वडील धातूंचे व्यापारी होते. विंचेस्टरच्या प्रतिष्ठित शाळेत शिक्षण चालू असतानाच, मुलाने घरचा धंदा सांभाळावा या हेतूने त्यांना परकीय भाषा शिकण्यासाठी युरोपात धाडण्यात आले. धंदा काही त्यांनी सांभाळला नाही, पण भाषा मात्र आयुष्यभर उपयोगी पडल्या. लंडन विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी घेतली आणि १९०९ मध्ये ते मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले.

सुरुवातीचे प्रिट बंडखोर वगैरे अजिबात नव्हते. तरुणपणी ते हुजूर पक्षाचे होते. पुढे उदारमतवादी झाले आणि पहिल्या महायुद्धानंतर मजूर पक्षात आले. आपल्या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडाला त्यांनी उजवीकडून डावीकडे अशा अर्थाचे नाव दिले, ते यासाठीच. वकिली मात्र व्यापारी तंट्यांची आणि भरभराटीची होती. १९२७ मध्ये ते किंग्ज कौन्सेल झाले, म्हणजे वकिलांच्या ज्येष्ठ श्रेणीत गेले. त्याच सुमारास वसाहतींतून येणारी अपिले त्यांच्या टेबलावर वाढू लागली.

डाऊनिंग स्ट्रीटची ती खोली

या अपिलांची सुनावणी जिथे होई ते ठिकाण पाहून नवख्या माणसाची निराशाच व्हायची. १८३३ च्या कायद्याने स्थापन झालेली प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या शेजारी, डाऊनिंग स्ट्रीटवर बसत असे. तांत्रिकदृष्ट्या ते न्यायालय नव्हतेच. राजाने आपल्या दरबारातील काही जाणत्या कायदेपंडितांकडून सल्ला घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून न्यायाधीश झगा न घालता साध्या पोशाखात टेबलाशी बसत आणि झगा व केसांचा टोप ही सारी सजावट वकिलांच्या वाट्याला येई. निकालही निकाल म्हणून दिला जात नसे. अपील मंजूर करावे किंवा फेटाळावे, असा नम्र सल्ला राजाला देण्यात येई. सल्ला एकच असावा, या प्रथेमुळे एखाद्या न्यायाधीशाचे मत वेगळे असले तरी ते बाहेर कळत नसे.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घेतली पाहिजे. या खोलीत पक्षकार बहुधा नसेच. साक्षीदारही नसत. हजारो मैलांवरच्या न्यायालयात जे नोंदले गेले ते छापील पुस्तकांच्या रूपाने यायचे आणि वकिलाने त्या कागदांतून माणूस उभा करायचा, असे हे काम होते. बंगालमधला जमीनदारी हक्क, मद्रासकडील एकत्र कुटुंबाची वाटणी, पश्चिम आफ्रिकेतील टोळीचा जमिनीवरचा दावा, हे सारे एकाच आठवड्यात समोर येई. प्रिट यांची ख्याती झाली ती या कामातच. अजस्र कागदपत्रांतून मोजका मुद्दा नेमका उचलणे आणि न्यायाधीशांनी आडवा प्रश्न टाकला तरी विचलित न होता पुढे जाणे, हे त्यांचे बळ होते.

लाहोरचा अर्ज

फेब्रुवारी १९३१ मध्ये असाच एक कागदांचा गठ्ठा त्यांच्याकडे आला. पक्षकार लाहोरच्या तुरुंगात फाशीच्या कोठड्यांत होते. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू.

लाहोर कटाचा खटला साध्या न्यायालयात रेंगाळतो आहे, हे पाहून व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी १ मे १९३० रोजी एक वटहुकूम काढला आणि तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायाधिकरण नेमले. आरोपी हजर नसले तरी खटला चालवण्याची त्याला मुभा होती आणि त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील नव्हते. न्यायालयात आरोपींना झालेल्या मारहाणीशी आपला संबंध नाही, असे नोंदवणारे न्यायमूर्ती आगा हैदर पुढच्या फेररचनेत न्यायाधिकरणावर राहिले नाहीत. ७ ऑक्टोबर १९३० रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली.

खटल्याच्या पुराव्यात शिरण्याची सोय प्रिट यांना नव्हती. आपण फौजदारी अपिलाचे न्यायालय नाही, भयंकर अन्याय झाल्याचे दिसल्याखेरीज आपण हात घालणार नाही, असे धोरण प्रिव्ही कौन्सिलने आधीच ठरवून टाकले होते. म्हणून त्यांनी वटहुकमाच्या मुळावरच बोट ठेवले. तेव्हाच्या भारत सरकार कायद्याच्या कलम ७२ नुसार आणीबाणीच्या प्रसंगी, शांतता आणि सुशासनासाठी गव्हर्नर जनरलला सहा महिन्यांपुरता वटहुकूम काढता येई. प्रिट यांचे म्हणणे असे, की इथे आणीबाणी नव्हतीच आणि एका खटल्याची गती वाढवण्याने शांतता वा सुशासन साधत नाही. ती अट पुरी झाली आहे का, हे न्यायालयाने तपासले पाहिजे.

समोर पाच जण होते. अध्यक्षस्थानी व्हायकाउंट ड्युनेडिन होते. सदस्यांमध्ये मुंबईचे सर दिनशा मुल्ला होते, ज्यांचे हिंदू कायद्यावरचे पुस्तक आजही आपल्या वकिलांच्या कपाटात असते. समितीने प्रिट यांचे म्हणणे अमान्य केले. आणीबाणी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या गव्हर्नर जनरलचा आणि त्याने तो कसा वापरला याची कारणे देण्यास तो बांधील नाही, असा त्या सल्ल्याचा मथितार्थ होता. अपिलाची परवानगी नाकारली गेली. २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी लाहोरला तिघेही फासावर गेले. ज्या वकिलाने त्यांच्यासाठी साम्राज्याच्या शेवटच्या दारावर थाप मारली, त्याची आणि त्यांची कधी भेटही झाली नव्हती.

हरलेले आणि जिंकलेले

त्याच वर्षी जूनमध्ये हाँगकाँगच्या पोलिसांनी एका व्हिएतनामी क्रांतिकारकाला पकडले. जगाने पुढे त्याला हो ची मिन्ह या नावाने ओळखले. फ्रेंच सरकारने त्याला त्याच्या गैरहजेरीत आधीच मृत्युदंड ठोठावलेला होता. हाँगकाँगमधून हद्दपार करून फ्रेंच बोटीवर चढवले की काम संपले, असा हिशेब होता. तिथले सॉलिसिटर फ्रँक लोझबी यांनी हेबियस कॉर्पसची लढाई लढली आणि प्रकरण प्रिव्ही कौन्सिलकडे आले. हो यांच्या बाजूने प्रिट होते, तर सरकारकडून सर स्टॅफर्ड क्रिप्स, म्हणजे १९४२ मध्ये आपल्याकडे योजना घेऊन आलेले तेच क्रिप्स. सुनावणीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. १९३२ मध्ये तडजोड झाली. हद्दपारी होईल, पण फ्रेंच हद्दीत वा फ्रेंच जहाजावर नाही. एका वाक्याच्या अटीने एक जीव वाचला आणि पुढे त्या जिवाने फ्रेंच साम्राज्याचा एक कोपरा उखडून टाकला.

यानंतर नाव घ्यावे लागते ते भावलच्या संन्याशाचे. ढाक्याजवळच्या भावल जमीनदारीचे मधले कुमार रामेंद्र नारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारले, असे सारे समजत होते. १९२१ च्या सुमारास ढाक्यात एक भस्मचर्चित संन्यासी आला आणि तोच मृत कुमार असल्याचे बहिणीने ओळखले, पत्नी बिभावतीदेवींनी मात्र साफ नाकारले. १९३० मध्ये दावा लागला. हजाराहून अधिक साक्षीदार झाले. न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी १९३६ मध्ये संन्यासी हाच कुमार असल्याचा निर्णय दिला, कलकत्ता हायकोर्टाने १९४० मध्ये तो दोन विरुद्ध एक अशा बहुमताने कायम केला आणि बिभावतीदेवी लंडनला गेल्या.

तिथे कुमाराच्या बाजूने प्रिट उभे राहिले. सुनावणी २८ दिवस चालली. खालच्या दोन न्यायालयांनी वस्तुस्थितीबाबत एकच निष्कर्ष काढला असेल, तर तिसऱ्यांदा तोच पुरावा चाळायचा नाही, हा प्रिव्ही कौन्सिलचा जुना रिवाज. त्याला अपवाद कोणते, याची चौकट या निकालात आखली गेली आणि आपल्याकडची न्यायालयेही तिचा दाखला देत आली. ३० जुलै १९४६ रोजी संन्याशाचा विजय झाला. तार कलकत्त्याला पोहोचली आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत कुमारांचे निधन झाले, या खेपेस खरोखरचे.

लाहोरचा अर्ज आणि भावलचे अपील शेजारी ठेवून पाहिले की टिळकांच्या बाबतीत पडलेल्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. इस्टेटीचा मालक कोण, हे ठरवायला त्या खोलीत २८ दिवस होते. तिथला काटेकोरपणा, निःपक्षपातीपणा आणि विद्वत्ता यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रश्न राज्यकर्त्यांच्या अधिकाराचा आला की तेच विद्वान आपण होऊन एक पाऊल मागे घेत. सत्तेला वाटले म्हणजे पुरे, असे ते म्हणत.

हे केवळ गुलाम प्रजेच्या वाट्याला आले असेही नाही. महायुद्धात खुद्द इंग्लंडमध्ये लिव्हरसिज नावाच्या गृहस्थाला गृहमंत्री सर जॉन अँडरसन यांनी, जे त्याआधी बंगालचे गव्हर्नर होते, विनाचौकशी स्थानबद्ध केले. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याची बाजू प्रिट यांनीच मांडली. मंत्र्याला वाटणारे कारण रास्त आहे की नाही, हे न्यायालयाने पाहावे, एवढीच मागणी होती. नोव्हेंबर १९४१ मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल विरोधात गेला. मात्र इथे वेगळे मत लिहिण्याची मोकळीक होती, म्हणून लॉर्ड अ‍ॅटकिन यांचा तो एकाकी विरोध कागदावर राहिला आणि काळाने तोच खरा ठरवला.

अंधारलेली बाजू

इथवर वाचून प्रिट यांचा पुतळा उभारावासा वाटेल. पण त्यांच्या चरित्राला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९३३ मध्ये जर्मन संसदेच्या जळिताचे खापर नाझींनी कम्युनिस्टांवर फोडले, तेव्हा लंडनमध्ये भरलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष प्रिट होते. राजकीय खटला कसा रचला जातो, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? आणि तरीही १९३६ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह आणि त्यांच्या सहआरोपींवर खटला चालला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या या निष्णात वकिलाला त्यात काही वावगे दिसले नाही. आरोपी स्वतःच आपले गुन्हे तपशीलवार कबूल करत होते आणि त्या कबुलीपलीकडे पुरावा जवळजवळ नव्हता. प्रिट यांनी मात्र परत येऊन तो खटला न्याय्य असल्याची ग्वाही देणारी पुस्तिका लिहिली. सोळाही आरोपींना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. १९८८ मध्ये सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयानेच त्या शिक्षा रद्द केल्या, तेव्हा प्रिट हयात नव्हते.

१९३५ पासून ते हॅमरस्मिथ नॉर्थमधून मजूर पक्षाचे खासदार होते. फिनलंडवरच्या सोव्हिएत आक्रमणाचे समर्थन केल्यामुळे १९४० मध्ये पक्षाने त्यांना काढून टाकले. १९४५ मध्ये ते अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले आणि १९५० मध्ये पडले. १९५४ मध्ये त्यांना स्टालिन शांतता पारितोषिक मिळाले. लाहोरच्या न्यायाधिकरणात ज्याला सत्तेची मनमानी दिसली, त्याला ती मॉस्कोत दिसू नये, हे समजून घेणे अवघड आहे. बुद्धी कमी पडली असे म्हणता येत नाही. निष्ठा एकदा गहाण टाकली की तल्लख नजरही हवे तेवढेच पाहते, इतकेच म्हणता येईल.

पहिल्या पायरीकडे

१० ऑक्टोबर १९४९ पासून भारतातून प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी वाट बंद झाली. पण प्रिट यांचा भारताशी संबंध तुटला नाही. तेलंगणच्या सशस्त्र शेतकरी लढ्यात फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी ते दिल्लीत नव्या सर्वोच्च न्यायालयापुढे उभे राहिले. तिथेही अडचण विलक्षण होती. हैदराबादमधील शिक्षा २६ जानेवारी १९५० पूर्वी कायम झालेल्या, तर राज्यघटना त्या दिवसापासून अमलात आलेली. जुने दार मिटलेले आणि नवे दार मागच्या लोकांसाठी उघडत नाही, अशा फटीत ती माणसे सापडली होती. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळले. मात्र पुढे त्या फाशी अमलात आल्या नाहीत. न्यायालयात हरलेला खटला लोकमताच्या दरबारात तगला.

या काळात प्रिट शेवटच्या पायरीवर कागद वाचत थांबण्याऐवजी पहिल्या पायरीवरच जाऊन उभे राहू लागले. नोंदीत जे आले नाही ते अपिलात उभे करता येत नाही, हे त्यांच्याइतके कोण जाणणार? केनियात ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. जोमो केन्याटा आणि पाच सहकाऱ्यांवर माऊ माऊ संघटना चालवल्याचा खटला भरण्यात आला, तोही नैरोबीत न चालवता दूरच्या कापेनगुरिया गावी. पासष्टीच्या प्रिट यांनी तिथे तळ ठोकला. त्यांच्यासोबत भारतातून गेलेले दिवाण चमनलाल होते, नायजेरियाचे एच. ओ. डेव्हिस होते, नैरोबीचे ए. आर. कपिला होते आणि मूळ गोव्याचे फिट्झ डिसूझा हे तरुण वकीलही होते. तिथली परिस्थिती न्यायाला धरून नाही, अशी तार प्रिट यांनी लंडनच्या खासदारांना केली, म्हणून त्यांच्यावरच बेअदबीचा खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले. केन्याटांना मात्र एप्रिल १९५३ मध्ये सात वर्षे सक्तमजुरी झाली आणि १९५४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली. १९५८ मध्ये मुख्य साक्षीदाराने आपण खोटी साक्ष दिल्याचे प्रतिज्ञापत्रावर सांगितले. १९६३ मध्ये केन्याटा पंतप्रधान झाले.

१९५४ मध्येच सिंगापूरच्या विद्यापीठातील आठ विद्यार्थ्यांवर त्यांच्या नियतकालिकातील लेखासाठी राजद्रोहाचा खटला झाला. प्रिट तिथेही गेले. त्यांचे सहायक म्हणून उभा होता ली कुआन यू नावाचा तरुण वकील. सर्व विद्यार्थी सुटले. तोच ली पुढे पंतप्रधान झाला आणि विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा त्याच्या राजवटीत सर्रास वापरला गेला, हे इतिहासाचे आणखी एक वळण.

आयुष्याच्या उत्तरार्धात प्रिट यांनी घानाच्या विद्यापीठात काही काळ कायदा शिकवला आणि आत्मचरित्राचे तीन खंड लिहिले. २३ मे १९७२ रोजी ते वारले.

हरलेल्या युक्तिवादाचे आयुष्य

प्रिट यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी आपल्याकडे आणीबाणी आली. स्थानबद्धांना हेबियस कॉर्पसचा हक्क आहे का, हा प्रश्न १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा लिव्हरसिज खटल्याची बरीच चर्चा झाली. निकाल पुन्हा चार विरुद्ध एक असाच लागला. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात होते आणि बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूड होते. त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात तो निर्णय चुकीचा ठरवून रद्द केला. त्याआधी १९९४ च्या बोम्मई खटल्यात, राष्ट्रपतींचे समाधान झाले एवढ्यावर न्यायालय थांबणार नाही, त्यामागचा आधार पाहील, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते.

म्हणजे फेब्रुवारी १९३१ मध्ये डाऊनिंग स्ट्रीटवरच्या त्या खोलीत एका इंग्रज वकिलाने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या न्यायालयांनी हळूहळू स्वतःकडे घेतला. सत्तेला वाटले म्हणून आणीबाणी होते की ती असावी लागते, हा तो प्रश्न. उत्तर यायला भगतसिंग, सुखदेव, राजगुरू यांच्यानंतर सहा दशके लागली, आणि तेही कायमचे मिळाले आहे असे मानून स्वस्थ बसावे अशी परिस्थिती कोणत्याच काळात नसते. प्रिट यांनाही तो प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारता आला नाही. मॉस्कोत ते गप्प राहिले. त्यांच्या आयुष्यातून घ्यायचे ते दोन्ही: लाहोरसाठी उठवलेला आवाज आणि मॉस्कोतले मौन.